एका मिलिमीटरचे चोवीस मीटर

घरी बांधलेली, मागच्या चाकांवर पळणारी एक ड्रॅग कार, म्हणजे सरळ पट्ट्यावर शर्यत लावायची गाडी, समजा. पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २.४ मीटर. मागच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर. मागच्या आसाचं हाउसिंग पाटे-स्प्रिंगांवर बसवताना डावी बाजू उजवीपेक्षा एकच मिलिमीटर मागे राहिली. आता पुढची चाकं गाडीच्या मध्यरेषेला समांतर ठेवून स्टिअरिंग तिथंच घट्ट धरलं आणि गाडी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर पळवली, तर ती सरळ रेषेपासून किती बाजूला जाईल? गणित सांगतं, २४ मीटर. साडेतीन मीटरच्या जवळजवळ सात लेन. मुंबई-गोवा महामार्गाच्या चारही लेन ओलांडून गाडी पलीकडच्या शेतात गेलेली असेल.

आकडा अशक्य वाटतो, म्हणून तो मांडून पाहायला हवा. १४०० मिलिमीटरला १ मिलिमीटर म्हणजे एका अंशाचा चोविसावा भाग. एवढ्याच तिरप्या सरळ रेषेवर गाडी गेली असती तर ४०२ मीटरवर चूक २९ सेंटिमीटरच झाली असती. पण गाडी तिरप्या रेषेवर जात नाही. मागचा आस शेपटाला डावीकडे ढकलत राहतो, त्यामुळे नाक उजवीकडे वळत राहतं. गाडी वर्तुळावर चालते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या येते २.४ गुणिले १४००, म्हणजे ३३६० मीटर. त्याचा परीघ २१ किलोमीटर, महाड ते पोलादपूर रस्त्याहून थोडा जास्तच. एवढ्या मोठ्या वर्तुळाचा बाक डोळ्यांना दिसत नाही.

खरी गोम पुढं आहे. वर्तुळावर चालताना चूक अंतराच्या वर्गानं वाढते. गॅरेजच्या अंगणात १० मीटर गाडी ढकलून पाहिली तर ती दीड सेंटिमीटर सरकेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. १०० मीटरवर दीड मीटर, २०० वर सहा मीटर, ४०२ वर चोवीस. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये मधोमध उभी केलेली १.६ मीटर रुंदीची गाडी ८० मीटरवरच पट्ट्याला टेकते. म्हणून अंगणातली चाचणी फसवी. तिथं जी गाडी सरळ वाटते, ती शर्यतीत सरळ जाईलच असं नाही.

प्रत्यक्षात चालक स्टिअरिंग दुरुस्त करतो. किती? साध्या गाडीत स्टिअरिंगचं प्रमाण साधारण १६ ला १ धरलं, तर स्टिअरिंगच्या कडेवर जेमतेम २ मिलिमीटर. मागं १ मिलिमीटरची चूक, हातात २ मिलिमीटरची दुरुस्ती, आणि ती केली नाही तर शेवटी २४ मीटर. रोजच्या रस्त्यावर हात ही दुरुस्ती नकळत करत असतात. गाडी किंचित तिरकी चालते, आणि वर्षानुवर्षं चालते.

ड्रॅग शर्यतीत मात्र ही सोय ऐन वेळी हातची जाते. १००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर, आणि सुटताना गुरुत्वाच्या ०.८ पट त्वरण असं धरू. सुमारे १६७ किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्यांवर जातो. पुढं ५०० किलो भार असेल तर त्याचा तिसरा हिस्सा गेला. ताकद आणि पकड आणखी वाढली की पुढची चाकं जमीन सोडतात आणि मग दिशा मागचा आस एकटाच ठरवतो. पुढं वेग ताशी १८० किलोमीटर झाला की गाडी सेकंदाला ५० मीटर कापते. माणसाला प्रतिसाद द्यायला सेकंदाचा पाचवा भाग लागला तरी तेवढ्यात १० मीटर गेलेले असतात.

आस काटकोनात बसवूनही काम संपत नाही. ड्रॅग कारमध्ये बहुधा डिफरन्शियल लॉक केलेलं असतं, म्हणजे दोन्ही चाकं सारखेच फेरे घेतात. टायरचा घेर २ मीटर धरा. एका टायरचा घेर दुसऱ्यापेक्षा १ मिलिमीटर जास्त असेल, तर गाडी २८०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊ पाहते. पाव मैलावर २९ मीटर. घेरातला १ मिलिमीटर म्हणजे त्रिज्येत ०.१६ मिलिमीटर. हवेचा दाब थोडा कमी-जास्त झाला तरी एवढा फरक पडतो. म्हणून तयारीचे लोक दोन्ही टायरांचा घेर टेपनं मोजतात आणि हवेनं जुळवून घेतात.

ड्रॅग शर्यतीतल्या सर्वांत वेगवान, ‘टॉप फ्युएल’ वर्गाच्या गाड्या १००० फुटांत, म्हणजे ३०५ मीटरमध्ये, ताशी ५३० किलोमीटरच्या पुढं जातात. त्यांचा मागचा आस पाटे-स्प्रिंगांशिवाय थेट चासीला जखडलेला असतो आणि व्हीलबेस सुमारे ७.६ मीटर. आपली तीच १ मिलिमीटरची चूक एवढ्या लांब गाडीत पाव मैलावर २४ ऐवजी साडेसात मीटरच देते. त्या गाड्या इतक्या लांबट असण्याचं हे एक कारण.

मग महाड-पोलादपूरच्या एखाद्या गॅरेजात, कॉम्प्युटरच्या मशिनीशिवाय, हा मिलिमीटर पकडता येतो का? येतो. गवंडी घराचा पाया आखताना जे करतो तेच करायचं, कर्ण मोजायचे. सपाट फरशीवर, गाडीचा सगळा भार चाकांवर ठेवून, चासीच्या पुढच्या दोन सारख्या बिंदूंवरून आणि आसाच्या दोन टोकांवरून ओळंबे सोडायचे. खाली खडूनं चार खुणा करून टेप ताणून दोन्ही कर्ण मोजायचे. आपल्या गाडीत हे चार बिंदू चाकांइतक्याच अंतरांवर धरले तर प्रत्येक कर्ण सुमारे २.७८ मीटर येईल, आणि आस १ मिलिमीटर तिरका असेल तर दोन कर्णांत ०.८६ मिलिमीटर फरक पडेल. ओळंब्याचा दोराच कधी एवढा जाड असतो, म्हणून बारीक दोरा घ्यायचा आणि दोन्हीकडं त्याच्या एकाच कडेनं खूण करायची. दोन्ही कर्णांना टेप एकच वापरायची. उन्हात १५ अंश तापलेली पोलादी टेप एवढ्या लांबीत अर्धा मिलिमीटर वाढते, पण दोन्ही कर्ण तिनंच लागोपाठ मोजले तर ती चूक दोन्हीकडं सारखी पडून फिटते. आपल्याला नेमकी लांबी नकोच आहे, दोन्ही बाजूंची बरोबरी हवी आहे. हाउसिंग पाट्यांना धरणारे यू-बोल्ट आवळताना ते सरकू शकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं.

अशी गाडी पळवायची ती बंदिस्त धावपट्टीवरच. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावानं अशा शर्यती झाल्या आहेत. महामार्ग त्यासाठी नाही.

पण मिलिमीटर महामार्गावरही आहेच. महाडच्या एमआयडीसीतून निघणाऱ्या दहा चाकी ट्रकला मागं दोन आस असतात. त्यांच्यातला एक दुसऱ्याच्या मानानं १.८ मीटरला १ मिलिमीटर तिरका असेल, तर मुंबईपर्यंतच्या सुमारे १७० किलोमीटरमध्ये टायर, दोन्ही आसांचं मिळून, ९४ मीटर आडवे घासले जातात. एक लाख किलोमीटरमध्ये साडेपंचावन्न किलोमीटर. महाडहून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठायला जवळजवळ एवढाच रस्ता लागतो, आणि तेवढं अंतर ते रबर आडवं फरफटत गेलेलं असतं. ओळंबा, खडू, टेप आणि अर्धा दिवस एवढ्यात ते वाचतं. आस बसवणाऱ्या मेस्त्रीनं हा अर्धा दिवस मागितला, तर घाई न करता त्याला तो द्यावा आणि त्याची मजुरीही पूर्ण द्यावी.