टीबीची गोळी जंतूला कुठे अडवते?

टीबीच्या रुग्णाला औषध सुरू केल्यावर एक-दोन महिन्यांत बरे वाटू लागते. खोकला कमी होतो, भूक लागते. मग घरचेच विचारतात, 'आता गोळ्या कशाला?' या प्रश्नाचे उत्तर आम्ही जंतूच्या आत डोकावून देणार आहोत.

टीबीच्या जंतूभोवती मेणासारखे जाड आवरण असते. ते बनवण्यासाठी जंतूला काही विकरे, म्हणजे एन्झाइम, लागतात. त्यांतले एक 'इन्ह-ए'. विकर इतके लहान असते की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ ते शुद्ध करून त्याचे स्फटिक बनवतात आणि त्यांवर क्ष-किरण सोडतात. किरण कसे विखुरतात, यावरून कोणता अणू कुठे आहे याचा नकाशा तयार होतो. इन्ह-एचा असा नकाशा १९९५ साली प्रसिद्ध झाला.

आयसोनियाझिड ही गोळी मात्र १९५२ पासून वापरात आहे. ती नेमकी कुठे अडवते, हे १९९८ साली स्फटिकातच दिसले. गोळीतले औषध स्वतः निष्क्रिय असते. जंतूचेच 'कॅट-जी' हे दुसरे विकर त्याला सक्रिय करते. मग ते जंतूतल्या एनएडी या रेणूला चिकटते आणि ही जोडी इन्ह-एच्या कामाच्या खाचेत घट्ट बसते. आवरण बनणे थांबते, जंतू मरतो.

परंतु कोट्यवधी जंतूंत एखाद्याचे कॅट-जी बदललेले असते. तिथे औषध सक्रियच होत नाही. काही जंतू इन्ह-ए जास्त प्रमाणात बनवतात आणि औषध अपुरे पडते. म्हणूनच टीबीवर एकच गोळी देत नाहीत. एकीतून सुटलेला जंतू दुसरीने मरावा, यासाठी अनेक औषधे एकत्र देतात. उपचार मध्येच सोडले, तर असे चिवट जंतू उरतात, वाढतात आणि खोकल्यावाटे घरातल्यांनाही गाठतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितलेला पूर्ण कोर्स घ्या. सरकारी केंद्रात ही औषधे मोफत मिळतात. आपल्या जंतूवर औषध चालते का, याची तपासणी झाली आहे ना, हे विचारा. हातापायांना मुंग्या आल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गोळ्या घरच्या घरी बंद करून गप्प बसू नका.