वारीचा जमाखर्च



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला विचारलं, "तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत आणि बोलणार वारीच्या खर्चावर? भक्तीत कसला आलाय हिशेब?" आमचंही मत पूर्वी असंच होतं. ते कसं बदललं, ते आधी सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर, एका दिंडीत चालत निघालो. ओळखीनं शिरलो होतो. दिंडीत जेवणाखाण्याची आणि मुक्कामाची जी वर्गणी असते, तिला भिशी म्हणतात. ती आम्ही भरली नव्हती. वारीत पैशाचं काय, असा विचार. दिवे घाट चढून सासवडचा मुक्काम पडला. रात्री पंगतीत शेजारी एक वयस्क वारकरी बसले होते. त्यांनी विचारलं, "माउली, तुमची भिशी कुणी भरली?" आम्ही ऐटीत म्हटलं, "विठ्ठलानं!" ते हसले नाहीत. म्हणाले, "विठ्ठल भरतो, पण कुणाच्या तरी खिशातून भरतो. तो खिसा कुणाचा, एवढं विचारून घ्या."

आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे. हिशेब न ठेवणं म्हणजे निःस्पृहता नव्हे. आपण जो खर्च मोजत नाही, तो नाहीसा होत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर पडतो.

आता थोडं गणित करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या दिंडीचे वेगळे असतील. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, आषाढी एकादशी धरून 20 दिवस. माणसं 200. खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला ठरीव: सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, तंबू, आचारी. माणसं दहा कमी आली म्हणून ट्रकवाला भाडं कमी घेत नाही. हा धरा 2,40,000 रुपये. दुसरा माणसागणिक वाढणारा: चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण. माणशी रोज 90 रुपये धरले, तर 200 माणसांचे 20 दिवसांचे 3,60,000. एकूण 6,00,000. म्हणजे भिशी माणशी 3,000.

आता समजा, 30 जणांजवळ भिशीचे पैसे नाहीत. बैठकीत लगेच सूर निघतो: "त्यांना या वर्षी नको म्हणू या, बाकीच्यांवर बोजा नको." ऐकायला व्यवहारी वाटतं. पण हिशेब करून बघा. 30 माणसं वगळली तर त्यांच्या जेवणाचे 54,000 वाचतात, ट्रक आणि टँकर तसेच राहतात. उरलेला 5,46,000 चा खर्च 170 जणांत वाटला, तर भिशी 3,212 होते. म्हणजे गरिबाला मागं ठेवलं तरी भिशी वाढलीच! आणि त्यांना बरोबर नेलं तर? 6,00,000 भागिले 170, साधारण 3,529. फरक 317 रुपयांचा, म्हणजे माणशी रोज 16 रुपये. तीस माणसांची वारी चुकवायची की नाही, हा प्रश्न शेवटी रोजच्या 16 रुपयांचा निघतो. भावनेच्या भरात हे दिसत नाही, वहीत दिसतं.

तेही जमत नसेल तर आणखी एक वाट आहे. या दिंडीचं एका दिवसाचं अन्न 18,000 चं. तूट 90,000 ची. म्हणजे पाच दिवसांच्या पंगती देणारे अन्नदाते आधीच ठरवले की तूट मिटली. पण हे प्रस्थानाआधी दोन महिने ठरवायचं असतं. फलटणला पोचल्यावर शिधा संपला म्हणून हात पसरायचे नसतात. आणि तीस जण कोण, हे पंगतीत कुणाला कळता कामा नये. ती नावं वही ठेवणाऱ्याजवळच राहावीत.

आता घरचा हिशेब. वारी येते ऐन पेरणीच्या दिवसांत. शेतकऱ्याच्या हातातला पैसा बियाणं-खतात गेलेला असतो. मजुरी करणाऱ्याचे वीस दिवस बुडतात. ही बुडालेली मजुरी हाही वारीचाच खर्च, आणि तो पुष्कळदा घरी राहिलेली बाई भरते, जास्त काम करून. म्हणून जमवाजमव आषाढात नव्हे, गणपतीनंतर सुरू करावी. भिशी 3,000 आणि वरखर्चाला 2,000 धरले, तर दहा महिने दरमहा 500 बाजूला पडले पाहिजेत. वरखर्चात काय? औषधं, पावसाचा कागद, चपलेचा दुसरा जोड. आणि जे हमखास विसरलं जातं ते, परतीचं भाडं. जाताना पाय नेतात, येताना एसटी लागते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे; तेही हिशेबात धरावं.

कुणी म्हणेल, तुकोबांनी तर कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, त्यांनी कुठं हिशेब ठेवला? ती कथा नीट आठवा. परंपरा असं सांगते, की आधी खतांची वाटणी झाली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची खतं त्याला दिली आणि मग आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. आपल्या वाट्याचं सोडून देणं हा त्याग. दुसऱ्याच्या वाट्याचं परस्पर सोडून देण्याचा अधिकार तुकोबांनीही घेतला नाही. मग आपण कोण?

म्हणून दिंडी चालवणाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की निघण्याआधी अंदाज सर्वांसमोर वाचावा आणि काल्यानंतर झालेला खर्चही वाचावा. उरले तर किती, कमी पडले तर कुणी घातले, सगळं.

सासवडला पालखीचे दोन मुक्काम असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भिशी भरली आणि त्या वारकऱ्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता पोटभर जेवा."

रामकृष्ण हरी.