व्यायामापूर्वी खाल्लेच पाहिजे का?

पहाटेचे सहा वाजलेले असतात. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावरील दुकानांची शटर अजून खाली असतात, पण व्यायामशाळांत दिवे लागलेले असतात. ठाण्यातील नौपाड्यात आणि कल्याणातही हेच दृश्य दिसते. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या तरुण व्यापाऱ्याने तासभर शरीर कष्टवावे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण प्रशिक्षक सांगतो, "रिकाम्या पोटी येऊ नका. अर्धा तास आधी दोन केळी, ब्रेड किंवा उकडलेले रताळे खा." आणि घरी आजी विचारते, "मग नवकारशीचे काय? रताळे तर कंदमूळ!"

अशा वेळी अनेक घरांत दोनच वाटा उरतात. एक तर नियम सुटतो, नाही तर व्यायाम. वास्तविक दोन्हींपैकी काहीही सोडण्याचे कारण नाही.

आहारातील कर्बोदकांचा काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम साठा असतो. रात्रभराच्या उपवासाने यकृतातील साठा बराच उतरतो, पण स्नायूंतील साठा झोपेत फारसा खर्च होत नाही. वजने उचलताना हाच साठा कामी येतो. पाऊण तास ते तासभराच्या सर्वसाधारण व्यायामाने तो रिता होत नाही. म्हणजे सकाळच्या व्यायामाचे इंधन आदल्या दिवशीच्या पोळी-भात-डाळीतून आधीच भरलेले असते.

मग आधी खाण्याचा आग्रह आला कोठून? 1966 साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या संशोधकांनी स्नायूंतील ग्लायकोजेन मोजून दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह निरनिराळ्या आहारांवर दमेपर्यंत जोमाने सायकल चालवण्याची चाचणी घेतली. नेहमीच्या मिश्र आहारावर माणसे सरासरी 114 मिनिटे टिकली. भरपूर कर्बोदकांच्या आहारावर ती 167 मिनिटे टिकली, तर कर्बोदके फार कमी केल्यावर तासाभरातच थकली. दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंना हे ज्ञान मोलाचे ठरले. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये 21 किलोमीटर धावणाऱ्याला आजही त्याचा उपयोग आहे. पण खेळाडूंचा तो सल्ला तासभर व्यायाम करणाऱ्या गृहस्थाला जसाच्या तसा लागू करणे म्हणजे दुकानापुरत्या मालासाठी गोदाम भाड्याने घेण्यासारखे आहे.

या जादा खाण्याची किंमतही मोजावी लागते. एका मध्यम केळ्यात सुमारे 100 कॅलरी असतात. दोन केळी आणि ब्रेडचे दोन काप खाल्ले, की तासाभराच्या व्यायामात खर्च होणाऱ्या उष्मांकांपैकी बराचसा भाग तेथेच परत येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. बैठ्या व्यवसायातील कुटुंबांनी ही संख्या मनावर घ्यावी. आपल्या ताटात कर्बोदकांची वाण कधीच नव्हती.

आता नियमांचा विचार करू. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी पूर्ण होते. जानेवारीत ठाण्याला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे नवकारशी साधारण आठला येते. सहा ते सात व्यायाम करून आठ वाजता मूग, खाखरा, दूध असा नाश्ता घेतल्यास निरोगी माणसाला बाधा होत नाही. दुकान बंद करून रात्री साडेआठ-नऊला व्यायामशाळा गाठणाऱ्याचीही सोय आहे. सूर्यास्तापूर्वी, सहाच्या सुमारास केलेले चौविहाराचे जेवण अडीच-तीन तासांनंतरच्या व्यायामाला पुरेसे असते. त्यासाठी वेगळा खाऊ लागत नाही.

खरी काळजी अन्नाची नसून पाण्याची आहे. चौविहारात आणि नवकारशीपूर्वी पाणीही वर्ज्य असते, आणि आपल्या दमट हवेत घाम फार येतो. म्हणून पाण्याविना व्यायाम करायचा असेल तर तो बेताचा असावा. उन्हाळ्यात जोरकस व्यायाम दिवसा, पाणी घेता येईल अशा वेळी करावा. तिविहार करणाऱ्याला रात्री पाण्याची मुभा असतेच.

काहींनी मात्र आधी थोडे खाणे आवश्यक आहे. दीड तासाहून अधिक काळ धावणारे किंवा सायकल चालवणारे, तसेच रिकाम्या पोटी ज्यांना चक्कर येते, अशांनी नवकारशीनंतरची वेळ निवडून मुरमुरे, खाखरा किंवा तिथी नसेल तेव्हा केळे घ्यावे. रताळ्यावाचून काही अडत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याविना उपाशीपोटी व्यायाम करू नये. वर्षीतप, अठ्ठाई यांसारख्या तपात वजने बाजूला ठेवून हळू चालणेच योग्य.

बाह्य तपांत ऊनोदरीला, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाण्याला, मानाचे स्थान आहे. व्यायाम हे अधिक खाण्याचे निमित्त होऊ नये. आजीचा प्रश्न आणि नातवाची जिद्द यांत विरोध नाही. घड्याळ थोडे जुळवून घेतले, की एकाच घरात दोन्ही सुखाने नांदतात.