स्वतःलाच व्हॉट्सॲप केलेल्या नोंदी वीस वर्षांनी उघडतील का?

तुमच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचा एक ग्रुप असेल, ज्यात तुम्ही एकटेच आहात. आधी भावाला किंवा रूममेटला ॲड केलं, ग्रुप तयार झाला, मग त्याला काढून टाकलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपनं स्वतःलाच मेसेज पाठवायची अधिकृत सोय दिली, तेव्हापासून एवढा खटाटोपही करावा लागत नाही.

आता तिथं जरा वर स्क्रोल करून बघा. राजूरहून पाचनईला जाणाऱ्या एसटीची वेळ. वायफाय बंद पडलं की टाकायची लिनक्सची कमांड, जी दर सहा महिन्यांनी लागते आणि दर वेळी विसरलेली असते. कुणाच्या तरी एमपीएससीच्या वहीचे चाळीस फोटो. कॅमेऱ्याच्या लेन्सचं मॉडेल. आईनं फोनवर सांगितलेलं लोणच्याचं प्रमाण.

असं सगळं आपण कुठं ना कुठं टाकत असतो. कुणी व्हॉट्सॲपवर, कुणी गुगल कीपमध्ये, कुणी एखाद्या नोट्स ॲपमध्ये. लिहिताना वाटतं, फोनमध्ये आहे म्हणजे आहेच. मलाही तसंच वाटायचं.

झालं असं की मागच्या दिवाळीआधी ताईचा फोन आला. "तू आईला विचारून गोडा मसाल्याचं प्रमाण कॉम्प्युटरवर टाइप केलं होतंस ना? ते पाठव." आईला विचारलं तर ती म्हणते अंदाजानं घाल. आईचा अंदाज आईच्या हातात, तो फोनवरून ताईला कसा पाठवणार?

फाईल सापडली. २००४ सालची वर्ड फाईल, नाव ‘नोंदी’. त्या काळात मी सगळं त्या एकाच फाईलमध्ये लिहायचो: कॉलेजच्या प्रोग्रॅमिंगच्या युक्त्या, परीक्षेचे मुद्दे, ट्रेकचा हिशोब आणि हा मसाला. डबल क्लिक केलं, फाईल उघडलीसुद्धा. आत मात्र मराठीचं एकही अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, सेमीकोलन, असा चार पानांचा खिचडा.

फाईल खराब झालेली नव्हती. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मराठी घरांमधल्या हजारो जुन्या सीडी आणि पेनड्राइव्हवर हेच होऊन पडलेलं आहे.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर, असा एक तक्ता लागतो. सुरुवातीच्या तक्त्यात इंग्रजीपुरतीच जागा होती. मग मराठी-हिंदीवाल्यांनी शक्कल लढवली: आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरीचं चित्र बसवायचं. म्हणजे कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’चं बटण दाबलं की पडद्यावर ‘क’ दिसायचा. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते ‘डी’च. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, ज्याचा त्याचा तक्ता वेगळा. डीटीपीवाल्यांकडून फाईल घेतली की फॉन्टही मागून घ्यावा लागायचा, हे ज्यांनी लग्नपत्रिका छापून घेतल्यात त्यांना आठवत असेल.

त्यामुळे फॉन्ट हा दागिना नसून कुलपाची किल्ली होता. किल्ली हरवली, की फाईलमधली मराठी वाचता येत नाही.

यावरचा इलाज तेव्हा अस्तित्वातच होता. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात स्वतंत्र आकडे देणारं युनिकोड १९९१ मध्ये आलं. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा सलग पट्टा आहे आणि त्याची मांडणी भारतात आधी ठरलेल्या ‘इस्की’ या प्रमाण तक्त्यावरून घेतली आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आणि ‘मंगल’ फॉन्ट आला. पण विंडोज एक्सपीमध्ये सेटिंगमध्ये जाऊन, सीडी घालून ही सोय चालू करावी लागायची. नेटकॅफेत तासाला पैसे मोजून बसणाऱ्याला हे कोण सांगणार? मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे अशी फाईल असेल तर फेकू नका. ती वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतंय ते बघा. फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी त्याचं नाव फाईलमध्ये नोंदलेलं असतं. ते नाव मिळालं की त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर शोधायचा. नेटवर असे बरेच मोफत कन्व्हर्टर आहेत.

निकाल मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. माझ्या फाईलमध्ये ‘दालचिनी’ची ‘दालिचनी’ झाली होती. कारण साधं आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी आधी टाइप व्हायची आणि मग ‘च’ यायचा. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी ‘च’ आणि मग वेलांटी. कन्व्हर्टरनं क्रम बदलला नाही की वेलांटी शेजारच्याकडे राहायला जाते. रफाराचंही तेच. मसाल्यात दालचिनीची दालिचनी झालेली खपते, कारण वाचणाऱ्याला कळतं. हिशोबाच्या किंवा जमिनीच्या कागदात असं झालं तर महागात पडेल.

आता तुम्ही म्हणाल, हे जुन्या लोकांचे प्रश्न, आम्ही तर युनिकोडमध्येच लिहितो. बरोबर आहे. फोनवर तुम्ही जे मराठी टाइप करता ते युनिकोडच असतं. पण तिथंही गंमत आहे.

‘ॲप’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र चढवायचे आणि काही कीबोर्डवर आजही तसंच होतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. तुम्ही एका पद्धतीनं लिहिलं आणि दुसऱ्या पद्धतीनं सर्च केलं, की नोंद असूनही ‘सापडलं नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’सुद्धा दोन प्रकारे साठवला जातो. आकड्यांचं तर विचारूच नका. अर्ध्या नोंदी ‘२०१९’ अशा मराठी आकड्यांत आणि अर्ध्या इंग्रजी आकड्यांत असल्या, तर बऱ्याच ॲपमध्ये एका सर्चमध्ये दोन्ही मिळत नाहीत. म्हणून नोंद सापडत नसेल तर ती हरवली असं समजण्याआधी शब्द वेगळ्या पद्धतीनं टाइप करून बघा. मी तर आता आकडे ठरवून एकाच प्रकारचे वापरतो. कुठले ते महत्त्वाचं नाही.

लिपीचा प्रश्न असा बराचसा सुटला. राहिला ॲपचा.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तेव्हा किती जणांचे टेस्टिमोनिअल गेले ते आठवा. नोंदी ठेवायच्या ॲपचंही हेच होतं. गुगलचंच ‘नोटबुक’ नावाचं एक उत्पादन होतं, ते २०१२ मध्ये बंद झालं. त्यातला मजकूर निदान गुगल डॉक्समध्ये हलवला गेला. कामांच्या याद्या करायचं ‘वंडरलिस्ट’ मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला त्याला टाळं लावलं. ‘एव्हरनोट’ बंद झालं नाही, पण एका इटालियन कंपनीनं ते विकत घेतलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोफत खात्याला फक्त ५० नोंदी आणि एक वही एवढीच मर्यादा आली. जुन्या नोंदी वाचायला आणि बाहेर काढायला मिळतात. मात्र ज्यांच्या आधीच शेकडो नोंदी होत्या त्यांना पैसे भरल्याशिवाय नवीन लिहिता येईना.

यात कंपन्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. धंदा आहे, चालेल तोवर चालवतील. घर भाड्यानं घेताना आपण पाणी किती वेळ येतं ते विचारतो. ॲप घेताना ‘माझं सामान बाहेर कसं काढायचं’ हे कुणीच विचारत नाही.

बाहेर काढायची वाट बहुतेक ठिकाणी असते. व्हॉट्सॲपमध्ये अँड्रॉइडवर चॅट उघडा, वरची तीन टिंबं, ‘मोअर’, ‘एक्स्पोर्ट चॅट’. एक साधी टेक्स्ट फाईल मिळते, त्यात तारीख, वेळ आणि मजकूर. गुगल कीपचं सगळं ‘गुगल टेकआउट’मधून डाउनलोड होतं. एव्हरनोटचीही एक्स्पोर्टची सोय आहे. एकदा करून बघा आणि मुख्य म्हणजे मिळालेली फाईल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेले पैसे.

आणि ही टेक्स्ट फाईलच सगळ्यात टिकाऊ का, तर तिच्यात अक्षरांच्या आकड्यांशिवाय काहीच नसतं. रंग नाही, फॉन्ट नाही, कुठल्या कंपनीचं गुपित नाही. आकडे साठवायची आज सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवताना ताटाखालच्या कागदावर मांडली. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. महाग वाटतं ना? हिशोब करू. रोज हजार अक्षरं लिहिली तर तीन केबी. वर्षाचे साधारण १.१ एमबी. तीस वर्षं रोज लिहिलंत तरी ३३ एमबी. लग्नाच्या वरातीचा एखादा मिनिटाचा व्हिडिओ याहून मोठा असतो.

साध्या फाईलमध्ये मथळा, यादी वगैरे हवं असेल तर ‘मार्कडाउन’ शिका, दहा मिनिटांचं काम आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ते मांडलं. ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकला की मथळा, चांदणी टाकली की यादीतला मुद्दा. ‘ऑब्सिडियन’सारखं ॲप याच पद्धतीच्या फाईली तुमच्याच फोल्डरमध्ये ठेवतं. उद्या ॲप गेलं तरी फोल्डर तुमच्याकडेच. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे त्या आपोआप क्रमानं लागतात.

प्रवासाच्या फोटोंबद्दल एक गोष्ट. फोटोच्या फाईलमध्ये काढल्याची वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते आणि फोटोही दाबून लहान होतो. ट्रेकचे फोटो मित्राकडून घेताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ एवढं सांगा. नाहीतर पाच वर्षांनी हे टाकं हरिश्चंद्रगडावरचं की रतनगडावरचं, यावर वाद घालत बसाल.

दोन इशारे द्यायलाच हवेत. पहिला, साधी फाईल कुणालाही वाचता येते. एटीएमचा पिन, पासवर्ड, आधारचा फोटो तिच्यात ठेवू नका. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजरच वापरा. व्हॉट्सॲपवरची चॅट सुरक्षित असली तरी एक्स्पोर्ट करून मेल केलेल्या फाईलला ते संरक्षण राहत नाही. दुसरा, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून डिलीट केलेली नोंद सिंक इमानेइतबारे लॅपटॉपवरूनही डिलीट करतं. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केलेला ३-२-१ हा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे क्लाउड चालेल, ताईच्या घरचा पेनड्राइव्हही चालेल.

माझ्या फाईलचं काम दोन संध्याकाळींत झालं. धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, सगळं प्रमाणासकट सापडलं. त्याच पानावर खाली राजूर स्टँडवरच्या चहाचा हिशोब होता आणि एका मित्राकडून चाळीस रुपये येणं निघत होतं. ताईला मसाल्याची टेक्स्ट फाईल पाठवली, तिनं आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "एवढं दगडफूल? मी कधीच घालत नाही." मित्राला पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर दोन निळ्या टिका आल्या आहेत, पैसे अजून आलेले नाहीत.