साडेअकरा टक्के

अमेरिकेतली स्थानिक वृत्तपत्रं का मोडकळीला आली, याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. छोट्या जाहिराती क्रेग्सलिस्टने नेल्या, मोठ्या जाहिराती गूगल आणि फेसबुकने नेल्या, वाचक मोबाइलवर गेला. हे खोटं नाही. २००६ साली अमेरिकी वृत्तपत्रांचं जाहिरातींचं उत्पन्न ४९ अब्ज डॉलरच्या घरात होतं, ते २०२० पर्यंत १० अब्जांच्या खाली आलं. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये झालेल्या एका व्यवहारातला एक आकडा या सोप्या उत्तराला पुरून उरतो. गेटहाउस या साखळीची मालक असलेल्या न्यू मीडिया कंपनीने ‘यूएसए टुडे’वाली गॅनेट विकत घेतली, नाव गॅनेटचंच ठेवलं आणि अडीचशेहून अधिक दैनिकं एका छत्राखाली आणली. त्यासाठी अपोलो या गुंतवणूक कंपनीकडून सुमारे १८० कोटी डॉलरचं कर्ज काढलं. व्याजाचा दर होता साडेअकरा टक्के. ज्या धंद्याचं उत्पन्न दरवर्षी घटतंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि देणाऱ्यालाही, त्या धंद्यावर साडेअकरा टक्के.

हिशेब पाटीवर मांडता येण्याइतका सरळ आहे. १८० कोटींचं साडेअकरा टक्क्यांनी व्याज वर्षाला २० कोटी डॉलरच्या पुढे जातं. विलीनीकरणाने वर्षाला साडेसत्तावीस ते तीस कोटी डॉलर वाचतील, असं कंपनीने भागधारकांना सांगितलं होतं. म्हणजे बचतीच्या दर दहा डॉलरमधले सात सावकाराच्या खिशात जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. बचतीला इंग्रजीत ‘सिनर्जी’ हा भारदस्त शब्द वापरला गेला. मराठी कचेरीत त्याला माणसं कमी करणं म्हणतात. विलीनीकरणानंतर तीन-सव्वातीन वर्षांत या कंपनीतली जवळपास निम्मी माणसं कमी झाली. काहींना नारळ मिळाला, काहींनी स्वखुशीच्या योजनेत राजीनामा दिला, अनेकांच्या रिकाम्या खुर्च्या भरल्याच गेल्या नाहीत. हिशेबखात्यासारखी मागच्या कचेरीतली पाचशेच्या आसपास कामं २०२० च्या अखेरीस भारतात पाठवायचं ठरलं, हेही त्यातलंच.

दुहेरी कामं कमी केली तर बिघडलं कुठे, असा प्रश्न इथे हमखास येतो. दोन कंपन्यांना दोन हिशेबखाती कशाला हवीत? बरोबर आहे. पण वृत्तपत्रात दुहेरी काय आणि एकेरी काय, हे ताळेबंदावरून कळत नाही. पानं लावण्याचं काम पाहा. गेटहाउसने ऑस्टिनमध्ये एक मोठं केंद्र उभारून देशभरातल्या पेपरांची पानं तिथून लावायला विलीनीकरणाआधीच सुरुवात केली होती, गॅनेटचेही असेच स्टुडिओ होते. कागदावर हे चोख दिसतं, कारण उपसंपादकाचं काम बाहेरच्याला शुद्धलेखन तपासण्याएवढंच वाटतं. प्रत्यक्षात रात्री नगर परिषदेच्या बैठकीची बातमी डेस्कवर आली की जुना उपसंपादक ज्या शंका काढतो, त्या कुठल्याच नियमावलीत नसतात. या आडनावाचे गावात दोन वकील आहेत, त्यांतला कुठला? अपघात ज्या चौकात झाला म्हणताय, तिथे हे दोन रस्ते मिळतात तरी का? तीन महिन्यांपूर्वी याच नगरसेवकाने याच ठरावाला विरोध केला होता, ते बातमीत का नाही? निधनवार्ता आली तर फ्युनरल होमला उलट फोन करून खात्री करायची, कारण जिवंत माणसाला मारण्याची चूक गाव कधी विसरत नाही. मग मथळा, मग पान छपाईला सोडायचं. ऑस्टिनला बसून दहा गावांची पानं लावणारा माणूस तितकाच हुशार असेल, पण तो चौक त्याने पाहिलेला नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंपनीच्या ‘कोलंबस डिस्पॅच’ने शालेय सामन्यांच्या बातम्या यंत्राकडून लिहून घेतल्या. एका बातमीत विजेत्या संघाच्या टोपणनावाच्या जागी चौकटी कंसात ‘विनिंग टीम मॅस्कॉट’ हेच शब्द तसेच प्रसिद्ध झाले. टिंगल झाल्यावर प्रयोग थांबवला गेला. ती बातमी एकाही माणसाने वाचली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

या सगळ्या कहाणीत पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतं ते कॅलिफोर्नियातलं सलिनास. जॉन स्टाइनबेकचं हे जन्मगाव. लेट्यूसच्या शेतीचं आणि शेतमजुरांचं, दीड लाखाहून अधिक वस्तीचं. ‘सलिनास कॅलिफोर्नियन’ हा तिथला दीडशे वर्षं जुना पेपर. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा शेवटचा बातमीदार सोडून गेला. त्यानंतरचे काही महिने पेपर निघत राहिला, बातम्या मात्र दुसऱ्या गावांच्या आणि राष्ट्रीय. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने मार्च २०२३ मध्ये दाखवून दिलं की या काळात सलिनासचं स्वतःचं असं त्यात फक्त एकच उरलं होतं: पैसे भरून दिलेल्या निधनवार्ता. त्या हिवाळ्यात सलिनासच्या खोऱ्यात पुराचं संकट होतं, आणि आपल्याच गावातल्या पाण्याची बातमी द्यायला तिथल्या पेपरकडे माणूस नव्हता. पेपर बंद पडला असता तर निदान लोकांनी हळहळ तरी व्यक्त केली असती. इथे नाव चालू, वर्गणी चालू आणि आत गाव नाही. बंद पडण्यापेक्षा हे वाईट, कारण यात वाचकाची फसवणूक आहे.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. विलीनीकरण झालं नसतं तर काय झालं असतं? २०१९ च्या सुरुवातीला आल्डन या हेज फंडाच्या कंपनीने गॅनेट जबरदस्तीने विकत घ्यायचा प्रयत्न केला होता. याच आल्डनच्या ताब्यातल्या ‘डेन्व्हर पोस्ट’च्या संपादकीय पानाने एप्रिल २०१८ मध्ये आपल्याच मालकांना गिधाडं म्हटलं होतं. त्यांच्यापेक्षा गेटहाउस बरं, असं अनेक पत्रकारांनाही तेव्हा वाटलं, आणि ते वाटणं चुकीचं नव्हतं. कंपनीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी: साडेअकरा टक्के फार काळ राहिले नाहीत. विलीनीकरणाला काही महिने होतात तोच महामारी आली, ती कुणाच्याच हिशेबात नव्हती. तरीही २०२०-२१ मध्ये कर्जाची फेररचना झाली, दर खाली आला, मुद्दल बऱ्यापैकी फेडलं गेलं. पण कशातून फेडलं? इमारती विकून, पेपर विकून, छापखाने बंद करून. मिलवॉकीचा ‘जर्नल सेंटिनेल’ २०२२ पासून तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या, दुसऱ्या राज्यातल्या पिओरियात छापला जाऊ लागला. ट्रकला तेवढा रस्ता कापायचा, तर पानं लवकर सोडावी लागतात. रात्री उशिरा संपलेला सामना सकाळच्या अंकातून गेला, उशिरापर्यंत रंगलेली सभाही गेली. मग वाचक म्हणतो, पेपरात शिळं असतं, वर्गणी बंद. आणि वर्गणी घटली की कंपनी म्हणते, पाहा, छापील पेपरला भविष्यच नाही. जाहिराती घटणं हा आजार खराच होता, त्यावर नेमलेला उपचार मात्र रोग्याचं रक्त काढून डॉक्टरची फी भागवणारा निघाला.

यात नुकसान फक्त नोकरी गेलेल्यांचं झालं असतं, तर हा कामगारांचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवता आला असता. गाओ, ली आणि मर्फी या तीन अभ्यासकांनी स्थानिक पेपर बंद झालेल्या काउंट्यांच्या कर्जरोख्यांचा माग काढला. पेपर गेल्यावर तिथल्या स्थानिक सरकारांना कर्ज ०.०५ ते ०.११ टक्क्याने महाग पडू लागलं. वरवर किरकोळ वाटतं, पण रोख्यांच्या रकमा कोट्यवधी डॉलरच्या असतात आणि फेडतो करदाता. लक्ष ठेवणारं कुणी नसेल तर सावकार जास्त व्याज मागतो, इतका साधा हा व्यवहार आहे. बातमीदाराचा पगार वाचला आणि तो गावाने व्याजाच्या रूपाने भरला. विरोध कंपनीच्या आतूनही झाला. ५ जून २०२३ ला, भागधारकांच्या वार्षिक सभेच्या दिवशी, गॅनेटच्या वेगवेगळ्या पेपरांतले शेकडो पत्रकार संपावर गेले. मुख्याधिकारी माइक रीड यांच्यावर भागधारकांनी अविश्वास दाखवावा, अशी त्यांची मागणी होती. रीड यांना २०२१ सालासाठी मिळालेला मोबदला ७७ लाख डॉलरच्या घरात होता. सभेत रीड पुन्हा निवडून आले.

आपल्या माणसांना हा विषय लांबचा वाटू नये. जर्सी सिटीत इंडिया स्क्वेअरला खरेदीला जाणारी मराठी मंडळी जर्नल स्क्वेअर स्टेशनवर उतरतात. त्या चौकाचं नाव ‘जर्सी जर्नल’ या दैनिकावरून पडलं. १८६७ पासून निघणारं ते दैनिक १ फेब्रुवारी २०२५ ला बंद झालं. मालक वेगळे, विलीनीकरणही नाही, पण कारण ओळखीचं: ‘स्टार-लेजर’ने छापील अंक थांबवून माँटव्हिलचा छापखाना बंद केला, आणि त्यावर विसंबलेल्या या लहान पेपरला तग धरता आला नाही. मराठी घरांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनचा ‘होम न्यूज ट्रिब्यून’ तर त्या विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या कंपनीचाच. तिथल्या वाचकांनी येत्या शाळा मंडळाच्या निवडणुकीआधी एवढंच करावं: महिनाभर त्यात एडिसनच्या किती बातम्या येतात आणि त्यांवर कुणाचं नाव असतं, ते पाहावं. नाव दिसलं तर वर्गणी भरावी आणि त्या बातमीदाराला आपल्या शाळेतलं, आपल्या गल्लीतलं कळवत राहावं. नाव दिसत नसेल, तर वर्गणीचे पैसे नेमके कशाचे घेता, हे कंपनीला लेखी विचारावं.