माती गप्प झाली की सुरुंग बोलतो

शाळकरी वयात लोहचुंबक दोरीला बांधून अंगणातल्या मातीतून ओढत नेण्याचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. चार पावले गेली की चुंबकाच्या टोकांना काळी, बारीक दाढी फुटायची. ते कुठल्या कारखान्यातले लोखंड नव्हते. आपल्या मातीतच असलेल्या लोहखनिजाचे ते कण होते. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून जी माती झाली, तिच्यात असे कण भरपूर आहेत. आपल्यासाठी तो खेळ होता. पण जगात अशीही गावे आहेत, जिथे मातीतल्या याच कणांमुळे माणसाचा पाय जाऊ शकतो. ते कसे, आणि त्यावर उपाय काय, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

सैनिक गेले, सुरुंग राहिले

कंबोडियाचे उदाहरण घेऊ. १९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत त्या देशाने यादवी, नरसंहार आणि परकीय फौजा असे सारे सोसले. थायलंडच्या सीमेलगतच्या पट्ट्यात सर्व बाजूंनी सुरुंग पेरले. सैनिक घरी गेले, पण सुरुंग शेतात, पाऊलवाटेवर, पाणवठ्यापाशी राहिले. १९७९ पासून तिथे सुरुंग आणि न फुटलेले बॉम्बगोळे यांनी जवळजवळ २० हजार माणसांचा बळी घेतला आहे. जखमींची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. त्यांत नांगरणारे शेतकरी आहेत, सरपणाला गेलेल्या बाया आहेत, गुरे राखणारी पोरे आहेत.

हे सुरुंग काढण्यासाठी १९९२ साली कंबोडियन माइन अ‍ॅक्शन सेंटर स्थापन झाले. पुढे इतरही संस्था आल्या. या कामावर पुरुषांच्या बरोबरीने अनेक स्त्रियाही आहेत. छातीवर जाड कवच, तोंडावर पारदर्शक झडप आणि हातात धातुशोधक यंत्र घेऊन त्या आखून दिलेल्या अरुंद पट्टीतून वीत-वीत पुढे सरकतात. यंत्राने आवाज दिला की थांबायचे, जागेवर खूण करायची, आणि बाजूने तिरकी सळई घालून हलक्या हाताने माती उकरायची. बहुतेक वेळा खिळा, काडतुसाची टोपी किंवा डब्याचा तुकडा निघतो. पण एकही आवाज सोडून देता येत नाही.

यंत्राचा कान

हे यंत्र काम कसे करते? त्याच्या टोकाला एक गोल थाळी असते. तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून सतत बदलणारी वीज सोडली की खालच्या जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला तर त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात आणि ते स्वतःचे उलट क्षेत्र निर्माण करतात. थाळी ते टिपते आणि कानाला आवाज ऐकू येतो.

हे ऐकायला सोपे वाटते. पण अडचण खोलीची आहे. थाळीच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच दूर असली, तर अंतर दुप्पट झाल्यावर तिचा प्रतिसाद ६४ पटींनी क्षीण होतो. त्यात आजचे कित्येक सुरुंग प्लॅस्टिकचे असतात. धातू म्हणाल तर आतली टोकदार सुई आणि तोट्याच्या नळीचा पातळ पत्रा, एवढाच! इतक्या लहानशा धातूची हाक चार बोटे मातीखालून ऐकायची असते.

आणि नेमक्या त्याच वेळी माती ओरडू लागते. कंबोडियाच्या बऱ्याच भागात तांबडी, लोहयुक्त माती आहे. आपल्या कोकणातला जांभा दगड सर्वांना ठाऊक आहे. अंगकोरच्या प्रसिद्ध मंदिरांचे पायथे त्याच जातीच्या दगडाचे आहेत. पायलीन हा सुरुंगांनी भरलेला प्रांत तर आपल्या दख्खनसारखाच काळ्या पाषाणाचा. तिथली माणके आणि नीलम त्याच पाषाणातून येतात. अशा मातीवर थाळी खाली नेली की धातू नसतानाही यंत्र वाजू लागते.

१८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. टेलिफोनकर्ते ग्रॅहम बेल यांनी शरीरातली गोळी शोधण्यासाठी असेच यंत्र बनवून आणले. पण गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली, ती चुकीची होती. शिवाय अंथरुणातल्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राला गोंधळात पाडले. जे शोधायचे ते राहिले बाजूला आणि आजूबाजूचेच बोलू लागले. सुरुंग काढणाऱ्यांपुढचा प्रश्न तोच आहे. फरक इतकाच की त्यांच्याकडे पलंग हलवण्याची सोय नाही. ज्या मातीत सुरुंग आहे, तीच माती बोलते आहे.

भोंगा लावून भागत नाही

अशा वेळी यंत्राची संवेदनशीलता वाढवावी, असे कुणालाही वाटेल. नवशिक्यांची पहिली चूक हीच. लग्नाच्या वरातीत बँड वाजत असताना शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही म्हणून कानाला भोंगा लावला, तर बँडच अधिक मोठा ऐकू येईल. संवेदनशीलता वाढवली की सुरुंगाबरोबर मातीही तितकीच वाढते. मग वैतागून माणूस थाळी जमिनीपासून वर धरतो. आवाज कमी होतो खरा; पण हवेत गेलेला प्रत्येक सेंटिमीटर जमिनीतल्या खोलीतून वजा होतो. चार सेंटिमीटर वर धरलेली थाळी खालचा सुरुंग सोडून पुढे जाऊ शकते.

खरा उपाय म्हणजे जमिनीचा तोल साधणे. इंग्रजीतून आलेला ‘ग्राउंड बॅलन्स’ हा शब्दच या कामात सर्वत्र चालतो. त्यामागची कल्पना साधी आहे. मातीतले लोहखनिज थाळीच्या क्षेत्राला जवळजवळ त्याच क्षणी प्रतिसाद देते. धातूत फिरणाऱ्या भोवऱ्यांचा प्रतिसाद किंचित मागे पडतो. काळाचा हा फरक सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा असतो, पण यंत्राला तो ओळखता येतो. कोणत्या वेळेचा प्रतिसाद सोडून द्यायचा, हे यंत्राला सांगणे म्हणजे तोल साधणे.

मग कारखान्यातच एकदा तोल लावून का देत नाहीत? कारण प्रत्येक जमिनीची तऱ्हा वेगळी. जांभ्याच्या मातीत काही कण इतके सूक्ष्म असतात की त्यांचा प्रतिसादही धातूसारखाच मागे रेंगाळतो. जिथे पूर्वी चूल पेटली, भट्टी लागली किंवा रान जळले, तिथली भाजलेली माती शेजारच्या मातीपेक्षा अधिक चुंबकीय होते. विटांचे तुकडेही याच कारणाने वाजतात. समुद्रकाठच्या ओल्या खारट वाळूची तर वेगळीच तक्रार, कारण तिच्यातून वीज वाहते.

तोल कसा साधतात?

प्रथम धातू नसलेली जागा निवडायची. यंत्र थोडे इकडे-तिकडे फिरवून ती स्वच्छ असल्याची खात्री करायची. खिळ्यावर तोल साधला तर पुढचे सारेच चुकेल. मग थाळी जमिनीला समांतर धरून साधारण एक फुटावरून जमिनीच्या अगदी जवळ न्यायची आणि पुन्हा वर घ्यायची. विहिरीवरच्या हातपंपासारखी ही सावकाश खाली-वर. थाळी खाली जाताना आवाज वाढतो की दबतो, ते ऐकायचे आणि त्याप्रमाणे बटण थोडे थोडे फिरवायचे. कोणत्या दिशेला फिरवायचे ते यंत्रागणिक बदलते. थाळी वर असो की खाली, आवाज एकसारखा राहू लागला की तोल साधला. नव्या यंत्रांत बटण दाबून धरले की खाली-वर करताना यंत्र स्वतःच तोल साधते.

काही यंत्रे चालता चालता आपोआप तोल बदलत राहतात. शोधाच्या छंदाला हे सोयीचे. पण त्यात एक खोच आहे. अंधूक आवाजाच्या जागेवर थाळी पुन्हा पुन्हा फिरवली, तर यंत्र त्या आवाजालाच माती समजून गिळून टाकू शकते. म्हणून संशयाच्या जागी तोल पक्का बांधून ठेवणे बरे.

तोल साधला म्हणजे काम झाले असेही नाही. ज्या मातीत काम करायचे, त्याच मातीत ठरलेल्या खोलीवर नमुन्याचा तुकडा ठेवून यंत्र तो ऐकते का, हे तपासावे लागते. ऐकू आला नाही तर त्या जमिनीवर ते यंत्र चालणार नाही, हे मान्य करायचे आणि दुसरा मार्ग धरायचा. माती बदलली, पाऊस पडला, जळालेला पट्टा लागला की पुन्हा तोल, पुन्हा तपासणी. हे रोजचे काम कंटाळवाणे आहे. पण एका सकाळी ते टाळले, तर ‘जमीन मोकळी आहे’ असे सांगून ज्या कुटुंबाच्या हाती शेत दिले, त्याच्या नांगराखाली सुरुंग येऊ शकतो.

सोन्याच्या शोधातून

या विद्येची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या मुलखात जमीन अशीच लोहाने भरलेली. तिथे सोन्याचे खडे शोधणाऱ्यांना मातीचा कलकलाट फार नडायचा. मिनेलॅब या तिथल्या कंपनीने मातीला गप्प करण्याच्या युक्त्या शोधल्या. तिचे गाजलेले एसडी २००० हे सोने शोधणारे यंत्र १९९५ साली आले. याच कंपनीची सुरुंग शोधणारी यंत्रे पुढे कंबोडियाच्या तांबड्या मातीत उतरली. सोन्याच्या लोभाने लागलेला शोध असा माणसाचे पाय वाचवायलाही उपयोगी पडला.

माणसांवर पेरल्या जाणाऱ्या सुरुंगांवर बंदी घालणारा करार डिसेंबर १९९७ मध्ये ओटावा येथे झाला आणि १ मार्च १९९९ पासून अमलात आला. कंबोडियाने तो स्वीकारला. आपला देश अजून त्यात सामील झालेला नाही. युरोपातल्या काही देशांनी तर २०२५ मध्ये त्यातून बाहेर पडण्याची पावले उचलली. सुरुंग पुरायला काही मिनिटे पुरतात. तो काढायला मात्र कुणा बाईला भर उन्हात गुडघ्यांवर बसावे लागते, थाळी खाली-वर करीत माती गप्प होण्याची वाट पाहावी लागते, आणि मगच पुढची वीत सर करता येते. पुरणाऱ्यांनी ही वीत एकदा मोजून पाहावी, असे आम्हाला वाटते.