न दुखणारा व्रण

१४९५ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या सैन्याने इटलीतील नेपल्स शहर घेतले आणि त्याच सुमारास त्या सैन्यात एका भयंकर रोगाने थैमान घातले. इटालियनांनी त्याला ‘फ्रेंच रोग’ म्हटले, फ्रेंचांनी ‘नेपल्सचा रोग’ म्हटले, आणि रशियनांनी तो पोलंडवाल्यांच्या माथी मारला. थोड्याच वर्षांत हा रोग समुद्रमार्गाने हिंदुस्थानात येऊन पोहोचला. सोळाव्या शतकातील वैद्य भावमिश्र यांनी ‘भावप्रकाश’ या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘फिरंग रोग’. पुढे ‘उपदंश’ हा जुना शब्दही त्यालाच लावण्यात आला. बोलीत त्याला ‘गरमी’ म्हणतात.

या नावांच्या इतिहासात मनुष्यस्वभावाचे एक मर्म दडलेले आहे. हा रोग आपला नव्हे, परक्याचा; सभ्य घरात तो येत नाही, येतो तो दुसऱ्याच्या दारी, असे मानण्याकडे माणसाचा ओढा असतो. वैद्यकाने या रोगाचे जवळजवळ सर्व कोडे उलगडले. पण हा समज काही सुटला नाही. उपदंश आज निश्चितपणे बरा होतो, आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे ८० लाख प्रौढांना तो नव्याने जडला. बरा होणारा रोग इतका का टिकून राहावा, याचे उत्तर काही अंशी जंतूच्या कपटात आहे आणि काही अंशी माणसाच्या मौनात.

जंतूचे कपट प्रथम पाहू. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन या दोघा संशोधकांनी हा जंतू शोधून काढला. तो मळसूत्रासारखा पिळदार व अतिशय बारीक असतो. रोगी व्यक्तीशी शरीरसंबंध आल्यानंतर १० ते ९० दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, जंतू जेथे शिरला असेल तेथे एक व्रण उठतो. त्याच्या कडा टणक असतात आणि तळ स्वच्छ दिसतो. जांघेत अवधाण येते. पण व्रण बहुधा दुखत नाही. तो मुखात, गुदद्वारी किंवा स्त्रियांच्या योनिमार्गात आत असला, तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत, औषध घेतले वा न घेतले तरी, तो आपोआप भरून येतो.

घात होतो तो येथे. जखम भरली म्हणजे रोग गेला, असे कोणालाही वाटावे. कोणी मलम लावलेले असते, कोणी भोंदू वैद्याच्या पुड्या घेतलेल्या असतात. व्रण गेल्याचे श्रेय त्या मलमाला व पुडीला मिळते. जंतू मात्र तोवर रक्तात उतरून सर्वांगात पसरलेला असतो.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरी अवस्था येते. अंगावर पुरळ उठते. त्याला बहुधा खाज नसते, आणि इतर पुरळ जेथे क्वचितच उठते अशा तळहातांवर व तळपायांवरही त्याचे तांबूस चट्टे दिसतात. बारीक ताप, घसादुखी, ठिकठिकाणी सुजलेल्या गाठी, चट्ट्याचट्ट्यांनी गळणारे केस, तोंडातील पांढुरके डाग अशी इतर लक्षणेही असू शकतात. रोगी त्याला उष्णता, पित्त किंवा ‘ॲलर्जी’ म्हणतो, आणि काही दिवसांनी हेही आपोआप जाते. त्यानंतर रोग सुप्त होतो. बाहेर एकही खूण नसते. रक्ताची परीक्षा तेवढी त्याची साक्ष देते. कित्येकांत तो आयुष्यभर तसाच राहतो. पण उपचार न झालेल्यांपैकी काहींत दहा, वीस, तीस वर्षांनीही तो हृदयाच्या महारोहिणीवर, मेंदूवर किंवा मज्जारज्जूवर घाला घालतो. डोळे, कान व मज्जासंस्था यांना तर तो कोणत्याही अवस्थेत गाठू शकतो.

याचा सर्वांत करुण परिणाम भोगावा लागतो तो ज्याचा काहीच अपराध नाही अशा जिवाला. पोटापाण्यासाठी दूरदेशी राहणारा एखादा तरुण सुट्टीत गावी येतो. त्याचा व्रण भरलेला असतो, मनातील शंकाही भरलेली असते. पत्नीला रोग जडतो; तिला कसलेच लक्षण जाणवत नाही. पुढे ती गर्भवती होते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात मृत मूल जन्मते, किंवा जन्मलेले मूल रोग घेऊनच येते. घरात दैवाला, दृष्टीला, सुनेच्या पायगुणाला दोष दिला जातो. खरे कारण रक्ताच्या एका थेंबात सापडले असते. म्हणूनच प्रत्येक गर्भवतीची उपदंशासाठी आणि एच्‌. आय्‌. व्ही. साठी पहिल्याच भेटीत तपासणी व्हावी असे शासनाचे धोरण आहे. वेळीच पेनिसिलिन मिळाले, तर मूल बहुतेक वेळा निरोगी जन्मते.

आता परीक्षेविषयी. ‘व्ही. डी. आर. एल.’ किंवा ‘आर. पी. आर.’ या रक्तपरीक्षा स्वस्त व सर्वत्र उपलब्ध आहेत. त्या जंतू शोधीत नाहीत. रोगामुळे रक्तात उत्पन्न होणारी प्रतिद्रव्ये शोधतात. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की व्रण नुकताच उठला असताना परीक्षा निर्दोष येऊ शकते. तेव्हा संशय असल्यास ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी, आणि संबंधानंतर तीन महिने पुरे होईपर्यंत निर्धास्त होऊ नये. दुसरी ही की मलेरियासारख्या अन्य आजारात, क्वचित गर्भारपणातही, ती चुकून सदोष येते. म्हणून ‘टी. पी. एच्‌. ए.’ सारख्या दुसऱ्या परीक्षेने तिची खातरजमा करतात. ही दुसरी परीक्षा रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर सदोष राहते. त्यामुळे केवळ तिच्यावरून रोग अंगात आहे असे मानून घाबरू नये. उपचार लागू पडला की नाही हे पहिल्या परीक्षेच्या आकड्यावरून कळते. तो १:३२ वरून १:८ वर आला, म्हणजे चौपटीने उतरला, तर औषधाने काम केले असे समजतात. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबावर होणारी झटपट परीक्षाही आता आहे. तिचा निकाल बसल्या जागी मिळतो.

ही तपासणी शासकीय रुग्णालयांत होते. जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये यांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने अशा रोगांसाठी खास विभाग चालतात; तेथे उपचार विनामूल्य असतात आणि रोग्याची माहिती गुप्त ठेवली जाते. कोठे जावे हे न कळल्यास १०९७ या निःशुल्क दूरध्वनीवर विचारता येते. उपदंशाबरोबर एच्‌. आय्‌. व्ही. चीही परीक्षा करून घेणे शहाणपणाचे, कारण व्रणातून त्या विषाणूला वाट सुलभ होते. लघवीची जळजळ आणि पू ही परम्याची लक्षणे पुरुषांत दोन-चार दिवसांतच दिसू शकतात. स्त्रियांत मात्र तीही पुष्कळदा दिसत नाहीत. तात्पर्य, लक्षणाची वाट पाहणे हा परीक्षेला पर्याय नव्हे.

उपचाराची कथा उत्साहवर्धक आहे. शतकानुशतके पारा आणि चोपचिनी यांवर भिस्त होती. १९१० साली एर्लिख व हाता यांचे ‘साल्व्हर्सान’ बाजारात आले, आणि १९४३ साली अमेरिकेत माहोनी यांनी पेनिसिलिनचा गुण सिद्ध केला. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच होऊ लागले. आजही औषध तेच. आरंभीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे एक इंजेक्शन पुरते. रोग जुना असल्यास आठवड्याच्या अंतराने तीन. मज्जासंस्थेपर्यंत पोहोचलेल्या रोगाला मात्र रुग्णालयातील निराळे उपचार लागतात. पहिल्या दिवशी ताप भरू शकतो. तो जंतू मरत असल्याचा परिणाम असतो. पेनिसिलिन सोसत नसल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. जोडीदाराची तपासणी व उपचार झाल्यावाचून मात्र हे सारे व्यर्थ आहे, कारण एक बरा झाला तरी दुसऱ्याकडून रोग परत येतो. एकदा होऊन गेल्याने पुढे संरक्षण मिळत नाही. निरोधाच्या वापराने धोका पुष्कळ कमी होतो, परंतु त्याने न झाकलेल्या जागी व्रण असेल तर तो सर्वस्वी टळत नाही. भांडी, कपडे, शौचकूप यांतून हा रोग पसरत नाही. तेव्हा रोग्याला घरात वेगळे पाडण्याचेही कारण नाही.

शेवटी एका तुलनेचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. याच जंतूचा सख्खा भाऊ ‘यॉज’ नावाचा त्वचारोग उत्पन्न करतो. तो शरीरसंबंधातून नव्हे, तर कातडीच्या स्पर्शाने मुलांत पसरे. मध्य व पूर्व भारतातील आदिवासी मुलखात तो रुजलेला होता. १९९६ साली ओरिसातील कोरापुट जिल्ह्यात त्याच्या उच्चाटनाची मोहीम सुरू झाली. कार्यकर्ते पाड्यापाड्यांवर गेले, व्रण शोधले, पेनिसिलिन टोचले. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे जाहीर केले. जंतू भाऊबंद, औषध एकच. तरी एक रोग गेला आणि दुसरा राहिला. यॉजचा व्रण आई आपल्या लेकराच्या पायावर सर्वांना दाखवीत असे. उपदंशाचा व्रण माणूस स्वतःच्या डॉक्टरपासूनही लपवितो. जो व्रण दुखत नाही तोच दाखविण्याची अधिक गरज असते, हे ज्या दिवशी घरोघर उमगेल, त्या दिवशी फिरंग्याच्या नावाने पाचशे वर्षे येथे राहिलेल्या या पाहुण्याला निरोप देणे अवघड राहणार नाही.